व्हिडिओ कोर्स की मॅन पेज?

लिनक्स सर्व्हर सांभाळायचं काम अंगावर पडलं की पहिला प्रश्न येतो, शिकायचं कुठून? व्हिडिओ कोर्स लावून बसायचं, की मॅन पेज (टर्मिनलवरच उघडणारी कमांडची माहितीपानं), आर्च विकी (आर्च लिनक्सचा ऑनलाइन माहितीकोश) आणि एखादं व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक) घेऊन स्वतःच चाचपडायचं? मी दोन्ही केलंय, म्हणून लिहितो.

सुरुवातीला मला व्हिडिओनेच तारलं, हे आधीच कबूल करतो. एलव्हीएममधली (डिस्कची जागा लवचिकपणे वाटून देणारी लिनक्सची सोय) फिजिकल व्हॉल्यूम, व्हॉल्यूम ग्रुप, लॉजिकल व्हॉल्यूम ही उतरंड नुसतं वाचून माझ्या डोक्यात शिरत नव्हती. कुणीतरी चित्र काढून दाखवलं आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. शिवाय कशानंतर काय शिकायचं हा क्रम आयता मिळतो. मॅन पेजचं तसं नाही. लिनक्स ज्या युनिक्सच्या धर्तीवर बनलं, त्याच्या १९७१ सालच्या पहिल्या मॅन्युअलपासून त्याचा बाज तोच आहे: ज्याला थोडंफार येतं त्याने खात्री करून घ्यायला उघडायचं पान. नवख्याचा हात धरून ते नेत नाही.

बिनसलं ते एका रात्री. बॅकअपसाठी क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनची यादी) टारची, म्हणजे फाइल एकत्र बांधणाऱ्या कमांडची, एक ओळ टाकली होती, फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख यावी अशी. टर्मिनलवर तीच ओळ व्यवस्थित चालायची, क्रॉनमधून मात्र फाइलच तयार होत नव्हती. क्रॉनचा धडा पाहिलेला होता, म्हणून तोच पुन्हा लावला. चाळीस मिनिटांचा! पुढे ओढा, मागे ओढा, दुप्पट वेगाने ऐका. आपल्याला हवं ते त्यात आहे की नाही, हे कळायलाही सगळा धडा पाहावा लागतो. माझ्या बाबतीत ते नव्हतंच.

शेवटी मॅन पेज उघडलं. तिथेही आधी चकलो, कारण नुसतं ‘मॅन क्रॉनटॅब’ म्हटलं तर कमांडचं पान येतं. फाइल कशी लिहायची ते पाचव्या विभागात असतं, म्हणजे ‘मॅन ५ क्रॉनटॅब’. स्लॅश दाबून टक्क्याचं चिन्ह शोधलं. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश नसेल तर त्या जागी ओळ तुटते आणि पुढचा मजकूर कमांडला इनपुट म्हणून जातो, असं सरळ लिहिलं होतं. माझ्या तारखेच्या फॉरमॅटमध्ये टक्केच टक्के! त्याच पानावर आणखी एक गोष्ट सापडली: महिन्याची तारीख आणि वार दोन्ही दिले तर काम दोन्ही जुळण्याची वाट पाहत नाही, एक जुळलं तरी चालतं. पुढे कधीतरी तिथेही ठेचकाळलोच असतो.

त्या दिवसापासून व्हिडिओकडे हात कमी जातो. अर्थात हा माझा अनुभव. ऐकून ज्यांच्या लक्षात राहतं त्यांचं गणित वेगळं असू शकेल. पण आणखी एक फरक आहेच. पॅकेजसोबत येणारं मॅन पेज तुमच्या मशीनवरच्या आवृत्तीचं असतं. व्हिडिओ मात्र रेकॉर्ड झाला त्या दिवशीच गोठतो. सेंटओएस ७ या लिनक्सला अपडेट मिळणं ३० जून २०२४ ला संपलं, तरी त्यावर शिकवणारे धडे अजून समोर येतात. (कंटेनरच्या, म्हणजे अ‍ॅप लागेल तेवढ्याच सामानासह बांधून चालवायच्या पेटीच्या, छोट्या इमेजमध्ये मॅन पेज बहुधा काढून टाकलेली असतात, तेवढी गैरसोय धरून चाला.)

आर्च विकी दुसऱ्या डिस्ट्रोवरही (लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावरही) उपयोगी पडतो, फक्त नावं तपासून घ्यायची. अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा तिथला व्हील ग्रुप डेबियनवर (आणखी एक डिस्ट्रो) सुडो होतो. माणसांना विचारायचं तर सर्व्हर फॉल्ट ही प्रश्नोत्तरांची साइट. तिथे काय करून पाहिलं ते न लिहिता प्रश्न टाकला की तो बंद होऊ शकतो; थोडं लागतं मनाला, पण जुनी उत्तरं शोधता येतात ती या शिस्तीमुळेच. चॅटच्या ग्रुपवर उत्तर लवकर मिळतं आणि तितक्याच लवकर वाहूनही जातं.

कोर्स घेणारच असाल तर एलव्हीएम आणि नेटवर्किंगचे धडे जरूर पाहा, बाकीचं मशीनवर मोडतोड करत शिका. आणि आरएचसीएसएची (रेड हॅटची लिनक्स अ‍ॅडमिनसाठीची परीक्षा) तयारी करत असाल तर हेही लक्षात असू द्या, की त्या परीक्षेत इंटरनेट मिळत नाही. मॅन पेज मात्र उघडता येतात.