एकट्याने वाजवलेला अल्बम: स्ट्रीमिंग की डाउनलोड?

गिटार, ड्रम, बासरी, सिंथ सगळं एकच संगीतकार वाजवतो, तेव्हा प्रत्येक थर वेगळा रेकॉर्ड होऊन एकमेकांवर चढतो. जॅझमधून लोकसंगीतात जाणारी वळणं अनेकदा दोन ट्रॅकच्या सांध्यावरच असतात.

शोधायला स्ट्रीमिंग उत्तम: आवडलेल्या एका गाण्यावरून पुढची दहा सापडतात. पण ऐकण्याआधी शफल (गाणी उलटसुलट क्रमाने लावणं) बंद करा आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात विरघळवणं) 0 सेकंदांवर आणा, नाहीतर नेमका तो सांधाच पुसला जातो.

अल्बम मनात बसला की बँडकॅम्पवरून, म्हणजे कलाकार जिथे थेट संगीत विकतात त्या परदेशी साइटवरून, विकत घ्या. डिजिटल विक्रीवर ते साधारण 15 टक्के ठेवतात, पेमेंटचं शुल्क वेगळं. उरलेले पैसे स्वतंत्र कलाकाराकडे जातात, आणि हे फार महत्त्वाचं आहे. पैसे भरताना व्यवहार अडला तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते पाहा. बऱ्याचदा ते बंदच असतात.

फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या प्रकारात, उतरवा: सीडी दर्जाच्या 40 मिनिटांना साधारण 200 ते 250 एमबी लागतात. 320 केबीपीएस एमपीथ्री शंभर एमबीच्या आत मावते, पण तिच्यात दर्जा थोडा घटतो. आयफोनच्या म्युझिक ॲपसाठी मात्र अलॅक (ॲपलचा तसाच प्रकार) निवडा, तिथे फ्लॅक चालत नाही. स्वारगेटच्या भुयारी मेट्रोत नेट तुटलं तरी संगीत तुटत नाही.

ब्लूटूथवर आवाजाचा डेटा बहुधा पुन्हा दाबून लहान केला जातो, म्हणून पहिली बैठक वायरच्या हेडफोनवर. सवाई गंधर्व महोत्सवात तासभर एक राग ऐकणाऱ्या पुणेकराला सलग चाळीस मिनिटं जड नाहीत. पहिल्या फेरीत फक्त बेस ऐका, दुसऱ्या फेरीत तालवाद्यं.