एक्सेल शिकायचंय? दुसऱ्याचं अडलेलं सोडवा: स्टॅक ओव्हरफ्लोबद्दल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी डिस्पॅच आणि बिलिंग बघते. माझं एक्सेल पक्कं झालं ते स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, आणि तेही तिथं उत्तरं देऊन. आपल्याकडं बी.कॉम. झालेली पोरं एक्सेलच्या क्लासला पैसे भरतात, सर्टिफिकेट घेतात आणि कारखान्यात आल्यावर पहिल्याच पॅकिंग लिस्टला अडतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

क्लासमध्ये वाईट शिकवतात असं नाही. पण तिथं व्हीलुकअपच्या (एका यादीतला कोड दुसऱ्या यादीत शोधून त्यासमोरची माहिती आणणारं फंक्शन) दिवशी व्हीलुकअपचंच उदाहरण येतं, आणि यादीही स्वच्छ असते. कामावर कुणी सांगत नाही की हा कुठल्या धड्यातला प्रश्न आहे. समोर दोन शीट असतात आणि बेरीज जुळत नसते, एवढंच. यंत्रमागावर जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त ठेवणाऱ्याच्या, हाताखाली राबणारा पोरगा रोज वेगळ्या मागाचं दुखणं बघतो आणि त्यातच तयार होतो. एक्सेलमध्ये असं रोज नवं दुखणं घरबसल्या कुठं मिळतं, तर इथं.

साइट 2008 साली सुरू झाली. जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी ती काढली, आणि यातले स्पॉल्स्की पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलच्याच टीममध्ये होते. साइट मुख्यतः प्रोग्रॅमिंगची असली तरी एक्सेल आणि एक्सेल-फॉर्म्युला असे टॅग, म्हणजे प्रश्नांवरच्या विषयाच्या चिठ्ठ्या, तिथं आहेत. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि उत्तर द्यायला डिग्रीही लागत नाही. उत्तर कुणाला आवडलं तर 10 गुण, विचारणाऱ्यानं ते स्वीकारलं तर 15, नापसंत झालं तर 2 वजा. गुणांचं कौतुक पहिले थोडे दिवस असतं, नंतर त्याकडं लक्ष जात नाही.

शिकणं नेमकं कसं होतं ते एका प्रश्नावरून सांगते. कुणीतरी विचारलं होतं की दोन्ही यादीत तोच कोड आहे, डोळ्यांना दिसतोय, तरी व्हीलुकअप एन/ए, म्हणजे "सापडलं नाही", देतंय. मी तसलाच डेटा आपल्या शीटवर घेतला. लेन फंक्शननं अक्षरं मोजली, तर एका बाजूला 10 आणि दुसऱ्या बाजूला 11. म्हणजे शेवटी मोकळी जागा आली असणार. मग जादा मोकळ्या जागा काढणारं ट्रिम लावलं, तरी 11 ची 11च! इथं सर्टिफिकेटवाला थांबतो. शेवटचं अक्षर राइट फंक्शननं सुटं काढून, अक्षराचा नंबर सांगणाऱ्या कोड फंक्शनला विचारलं, तेव्हा आकडा आला 160. साध्या स्पेसचा असतो 32. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात ही दुसऱ्या जातीची स्पेस येते, आणि ट्रिम फक्त 32 वालीच काढतं. एकाच्या जागी दुसरं घालणाऱ्या सबस्टिट्यूटमध्ये कॅर 160 (त्या नंबरचं अक्षर) देऊन ती उडवली की व्हीलुकअप चालू. पुढं एका पार्टीच्या पोर्टलवरून उतरवलेल्या ऑर्डरमध्ये 30 बाय 60 च्या टॉवेलचा कोड समोर दिसत असूनही जुळेना, तेव्हा माझा हात सरळ लेनवर गेला.

पण हे सगळं मी नुसतं सोडवून सोडलं असतं तर विसरले असते. उत्तर लिहायचं म्हटलं की ट्रिमनं का होत नाही हे दुसऱ्याला पटेल असं सांगावं लागतं. त्यासाठी आधी ते आपल्याला नीट कळावं लागतं. "असं केल्यावर होतंय" एवढ्यावर तिथं भागत नाही. कुणीतरी खाली विचारतंच की का होतंय.

सोळा आकडी खाते क्रमांकाचंही असंच. एक्सेल आकड्यातले 15 अंकच खरे ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसतं. दुसऱ्याच्या प्रश्नावर काम करताना हे समजलं. तेव्हापासून पगाराच्या शीटमध्ये खात्याचा कॉलम आधी टेक्स्ट केल्याशिवाय मी एकही नंबर भरत नाही. कामगाराच्या पगाराशी गाठ आहे, तिथं अंदाज चालत नाही.

आमच्याकडं नवीन लागलेल्या मुलीला मी यावर बसवलं. शहराच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, शाळा मराठीतून. म्हणाली, "ताई, मला कुठं येतंय ओ उत्तर द्यायला? त्यात इंग्रजी." मी म्हटलं, "उत्तर देऊ नकोस. नुसतं सोडव. दुसऱ्यांची उत्तरं झाकून ठेव, तुझं झालं की मग उघड." नवशिक्यानं सुरुवात अशीच करावी असं माझं ठाम मत आहे. तिथली जुनी मंडळी काही मिनिटांत उत्तर टाकतात, त्यांच्याशी शर्यत लावून उपयोग नाही. तिनं एका हिशेबाला इफमध्ये (अट तपासणारं फंक्शन) इफ घालत मोठी माळ केली होती, आणि खाली एकानं तेच अटींप्रमाणे बेरीज करणाऱ्या सुमइफ्सच्या एका ओळीत केलेलं. ती बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी आपल्या लॉटच्या शीटमधल्या माळा तिनं स्वतःहून काढून टाकल्या. मी सांगून ते झालं नसतं.

इंग्रजीची भीती मात्र खरी आहे. स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन, जपानी या भाषांत स्टॅक ओव्हरफ्लो निघालं, मराठीत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी चार साधी वाक्यं आणि चालणारा फॉर्म्युला पुरतो. तुमचं उत्तर दुसरा कुणी दुरुस्त करू शकतो, आणि आधी काय होतं, नंतर काय झालं हे जोडीनं बघायला मिळतं. त्या मुलीचं इंग्रजी त्या दुरुस्त्या वाचून सुधारतंय.

खटकणारं सांगायचं तर तिथली भाषा कोरडी आहे. नमस्कार-चमत्कार, आभार यांना जागा नाही. तोच प्रश्न आधी कुणी विचारला असेल तर नवा बंद करतात. उत्तर देणाऱ्याला ही शिस्त फायद्याची पडते, कारण समोर नेमका प्रश्न येतो. पण पहिल्यांदा विचारायला आलेल्या माणसाला ती जड जाते. विचारण्यासाठी जाणार असाल तर आधी भरपूर वाचा.

आणखी एक. चॅटजीपीटी आल्यावर डिसेंबर 2022 मध्ये त्यांनी एआयकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली. शिकणाऱ्याच्या बाजूनं मला हा नियम फार मोलाचा वाटतो. मात्र तेव्हापासून नवे प्रश्न खूप कमी झालेत, कारण लोक आता एआयलाच विचारतात. सरावाला जुने प्रश्न मुबलक आहेत. ताजे हवे असतील तर रेडिटवरचा एक्सेलचा गट बघा. तिथं विचारणाऱ्यानं "सोल्यूशन व्हेरिफाइड" असं लिहिलं की उत्तर देणाऱ्याला गुण मिळतो. वातावरणही जरा मोकळं आहे.

सुरुवात करताना प्रश्नात एक्सेलचं कुठलं व्हर्जन आहे ते आधी बघा. एक्सलुकअप, म्हणजे व्हीलुकअपचं नवं रूप, एक्सेल 2016 आणि 2019 मध्ये नाही, त्यामुळं जुनं व्हर्जन असलेल्याला इंडेक्स आणि मॅच ही दोन फंक्शनं जोडून शोधायची जुनी पद्धतच सांगावी लागते. आपल्या बऱ्याच कारखान्यांतही जुनंच आहे, म्हणजे दोन्ही पद्धती हाताखाली हव्यात. अमेरिकेतली ऑफिसं आपल्या संध्याकाळी उघडतात, तेव्हा जेवणं आटोपून रात्री बसलात तर नवे प्रश्न वर दिसतील. एका रात्री एकच घ्या, तो आपल्या शीटवर चालवून बघा, आणि खात्री झाली तरच पाठवा.