११०, १२५ की इलेक्ट्रिक? स्कूटर ठरवण्याआधी पार्किंग बघा

स्कूटर घ्यायचं ठरलं की घरात रंग, किंमत आणि ॲव्हरेज यांवर चर्चा रंगते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: गाडी रात्री कुठे उभी राहणार? तिथे तुमच्या स्वतःच्या मीटरवरून, नीट अर्थिंग असलेला प्लग मिळणार आहे का? या एका उत्तरावर अर्धा निर्णय होतो.

पुण्यात रोज जाऊन-येऊन २५ किमी चालवणाऱ्याचा हिशोब घेऊ. सुट्ट्या सोडून महिन्याला साधारण ६५० किमी होतात. ११० सीसीची पेट्रोल स्कूटर शहरात ४५ च्या आसपास ॲव्हरेज देते, म्हणजे साडेचौदा लिटर पेट्रोल. शंभरी ओलांडलेल्या दराने दीड हजार रुपये झाले. इलेक्ट्रिकला तेवढ्याच अंतरासाठी, चार्जिंगमधली गळती धरून, २५ ते ३० युनिट वीज पुरते. पण महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं, हे बरेच जण विसरतात. घरचा वापर १०० युनिटच्या आत असेल आणि स्कूटरने तो पुढे ढकलला, तर ते वरचे युनिट महागड्या दराने मोजले जातात. तसे धरूनही खर्च तीन-चारशेच्या पुढे सहसा जात नाही. महिन्याला हजाराच्या वर वाचतात, शिवाय ऑइल नाही, बेल्ट-व्हेरिएटरची (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या भागांची) कटकट नाही किंवा फार कमी.

हेच अंतर रोज ८-१० किमी असेल, तर वाचतात जेमतेम चारशे. इलेक्ट्रिकसाठी मोजलेले जादा पैसे त्यातून भरून निघायला वर्षं जातील. शाळा, भाजी, बँक एवढ्यासाठीच गाडी हवी असेल तर ११० सीसी घ्या, मनात शंका ठेवू नका. ॲक्टिवा, ज्युपिटर या वर्गातल्या गाड्या कोणताही मेकॅनिक उघडतो, पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि वजन १०५ किलोच्या आसपास असल्याने डबल स्टँडला लावताना कंबर धरत नाही. इलेक्ट्रिक बहुधा ११० ते १३५ किलोच्या भरतात. घरातल्या ज्येष्ठांना गाडी चालवायची असेल तर हा फरक मोठा आहे.

१२५ सीसी कुणासाठी? नेहमी डबलसीट जाणाऱ्यासाठी. ११० च्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ९ न्यूटन मीटरच्या आसपास असतो, १२५ चा १० ते ११. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण मागे माणूस, पायात पिशवी आणि समोर कात्रजचा चढ असला की ११० ची गाडी धापा टाकते आणि ट्रक मागून अंगावर येतो. रोज असा चढ असेल तर १२५ वर खर्च केलेले पैसे सुरक्षिततेचे आहेत. ॲक्सेस १२५ हलकी आणि चपळ, एनटॉर्क दणकट आणि जड, ज्युपिटर १२५ ची डिकी एवढी मोठी की दोन हेल्मेट मावतात. ब्रेक मात्र पुढचा डिस्क असलेलाच घ्या. या वर्गातल्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस सक्तीची आहे; तिने डिस्कची जागा भरून निघत नाही.

इलेक्ट्रिकमध्ये सगळ्या एका माळेचे मणी नाहीत. काहींची मोटर मागच्या चाकातच बसवलेली असते, उदाहरणार्थ आयक्यूब. एथर ४५० मध्ये ती मधे असून पट्ट्याने चाक फिरवते. चाकातली मोटर शांत आणि साधी, पण चाक जड झाल्याने खड्ड्यात मागचा दणका जास्त बसतो आणि टायर बदलायला सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. लांब घाटात मोटर किंवा बॅटरी तापली की गाडी स्वतःच ताकद कमी करते. कंपनीने सांगितलेल्या रेंजचे, म्हणजे एका चार्जमध्ये होणाऱ्या अंतराचे, ७० ते ७५ टक्के धरूनच चाला. ३ किलोवॉट तासाची बॅटरी शहरात ८०-९० किमी देते. प्लग पार्किंगपर्यंत येत नसेल तर विडासारखी, बॅटरी काढून घरात नेता येणारी गाडी बघा. ती बॅटरी जिन्याने वर न्यायची आहे, हे लक्षात घेऊन दुकानात स्वतः उचलून पाहा.

गावाकडे असाल आणि सर्व्हिस सेंटर पन्नास किमीवर असेल, तर आज तरी पेट्रोलच.

लायसन्स-नोंदणी न लागणाऱ्या स्लो स्पीड गाड्यांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. कायद्याने त्यांची मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किमीपर्यंतच असतो. दुकानदार ‘स्पीड वाढवून देतो’ म्हणाला तर तिथून बाहेर पडा. वाढवलेल्या वेगाची गाडी नोंदणीशिवाय चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा आधार नाही. बऱ्याचदा अशी गाडी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती दिली जाते.

टेस्ट राइडला एकटे जाऊ नका. रोज मागे बसणाऱ्या माणसाला घेऊन जा, सेल्समनला चढाचा रस्ता मागा, आणि त्या चढावर मध्येच थांबून पुन्हा निघून बघा. पाय दोन्ही बाजूंना जमिनीला पुरे टेकतात का, हेही तेव्हाच तपासा.