आत गेलेली वीज कशी मोजाल? सबमीटर, लॉगर की ऑसिलोस्कोप

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत युटा विद्यापीठात फ्लायशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी जड पाणी आणि पॅलॅडियम धातूच्या छोट्या भांड्यात जादा उष्णता, म्हणजे आत दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता, मिळाल्याचं जाहीर केलं; हेच ते कोल्ड फ्यूजन. त्याच वर्षी आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही असे प्रयोग झाले. बहुतेक शास्त्रज्ञांनी हा दावा पुढे फेटाळला, तरी काही जण अजून प्रयोग करतात. हा प्रयोग घरी करणारे बहुधा निकेलची तार, साधं पाणी आणि पोटॅशियम कार्बोनेट घेऊन बसतात आणि सगळं लक्ष थर्मामीटरवर ठेवतात. पण जादा उष्णता ही वजाबाकी आहे: बाहेर आलेली उष्णता वजा आत गेलेली वीज. आत गेलेली वीज कमी मोजली गेली, तर तेवढी उष्णता कागदावर आपोआप जादा दिसते.

माझं देवगडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे मीटर रोजचेच हातात. भाडेकरूसाठी लावतो तसं सबमीटर सर्वात स्वस्त पडतं. युनिटला ३२०० इम्पल्सच्या मीटरचा दिवा एकदा लुकलुकला की ११२५ ज्यूल गेले. ९ वॅटच्या प्रयोगात असा दिवा दोन मिनिटांनी एकदा लागतो, म्हणून तासाभराच्या प्रयोगाला ते निरुपयोगी, दिवसभराच्या प्रयोगाला चांगलं. अॅडॉप्टर स्वतः तापतो तेही त्यात धरलं जातं, म्हणजे चूक झालीच तर आपल्या दाव्याच्या विरुद्ध बाजूला होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

साध्या डीसीसाठी माझी पसंती आयएनए२१९ मॉड्यूल (व्होल्टेज आणि करंट मोजणारी चिप) आणि अर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) यांच्या लॉगरला, म्हणजे आकडे सतत नोंदवत राहणाऱ्या यंत्राला. २६ व्होल्ट आणि सुमारे ३ अँपिअरपर्यंत चालतं. बुडबुड्यांमुळे व्होल्टेज सारखं हलतं. हाताने पाच मिनिटांनी आकडा लिहिलात तर मधलं सगळं हुकतं. मात्र व्होल्टेज भांड्याच्या टोकांवरच मोजा. आषाढात माझ्या क्रोकोडाइल क्लिपवर खाऱ्या हवेने हिरवा कळंक चढला होता. सप्लायवर १२ व्होल्ट, भांड्यावर ११.३. एक अँपिअरला ०.७ वॅट क्लिपमध्येच जळत होते. त्या अवस्थेत मी साधा रेझिस्टर बुडवून कॅलिब्रेशन केलं, म्हणजे किती वॅटला भांडं किती तापतं ते ठरवलं, मग क्लिप घासून खरा प्रयोग लावला. सप्लायचा आकडा तोच, पण भांड्यात सहा टक्के वीज जास्त गेली, आणि दोन दिवस मला ती जादा उष्णता वाटली.

सलग वीज न देता पल्स, म्हणजे तुटक झटके, देणार असाल तर मल्टिमीटर बाजूला ठेवा. १०० व्होल्ट आणि १ अँपिअरचे पल्स दहा टक्के वेळ चालू असतील, तर सरासरी व्होल्टेज १०, सरासरी करंट ०.१, गुणाकार १ वॅट. खरी पॉवर १० वॅट! दसपट ऊर्जा सापडल्याचा भास होतो तो इथे. दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप क्षणाक्षणाचा गुणाकार करून ही चूक टाळतो. पण तो महाग, आणि त्याची अर्थिंगची क्लिप मेनशी थेट जोडलेल्या सर्किटला लावली तर शॉर्ट होतं, जिवावरही बेतू शकतं. त्यापेक्षा पल्स सर्किटच्या आधी, मोठ्या कपॅसिटरने सपाट केलेल्या डीसीवर तोच लॉगर लावा, ते डीसी २६ व्होल्टच्या आत असेल तर. सर्किटचं नुकसानही इनपुटमध्ये मोजलं जाईल, जाऊ दे.

पाणी फुटून झालेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन ऊर्जा घेऊन उडून जातात म्हणून पुष्कळ जण आत गेलेल्या विजेतून दर अँपिअरमागे १.४८ वॅट वजा करतात. वायू खरंच बाहेर जात असतील तरच करा. ६ व्होल्ट, १ अँपिअरला उरतात ४.५२ वॅट. ते वायू भांड्यातच परत एकत्र आले, तर ६ वॅट उष्णता मिळून ३३ टक्के जादा दिसते, काहीही नवं न घडता. निकाल लिहिताना वजाबाकी न केलेला आकडा आधी लिहा.

पावसाळ्यात वीज सारखी जाते, म्हणून बॅटरीवर चालवणार असाल तर उत्तम, डीसी स्वच्छ मिळतो. फक्त लेबलवरचे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास इनपुट म्हणून धरू नका; लॉगर तिथेही लागतोच. आज खरेदी करायची तर मी लॉगर घेईन, सबमीटर जोडीला ठेवीन, आणि पल्सचा प्रयोग साध्या डीसीचं कॅलिब्रेशन तीनदा सारखं आल्याशिवाय सुरू करणार नाही.