३०६० की ४०६०? मालवणात आधी पाठची पट्टी बघा

सर्व्हिस सेंटरमधून पीसीचं ग्राफिक्स कार्ड परत आलं, सोबत एका ओळीची चिठ्ठी: गंज आढळला, वॉरंटी लागू नाही. माझी तक्रार होती की डावा पंखा फिरत नाही. गंज होता पाठच्या पट्टीवर, जिथे एचडीएमआयची वायर खुपसतो त्या पत्र्यावर. पंखा प्लास्टिकचा, पट्टी लोखंडाची. फोन केला तर तिकडून उत्तर, "सर, हे लिक्विड डॅमेजमध्ये येतं." लिक्विड कसलं? मालवणची हवा. कंपनीचं नाव लिहीत नाही, गंजाचं कलम बहुतेकांच्या अटींत असतंच. फक्त कोकणात खपवताना ते कुणी वाचून दाखवत नाही.

कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबी मेमरीवालं. काम स्कुबाच्या व्हिडिओंचं, सिझनला लग्नं. ते मुंबईला गेलं तेव्हा कुडाळच्या चुलतभावाने स्वतःचं ४०६० (पुढच्या पिढीचं, ८ जीबी) दिलं, कारण पावसात त्याच्याकडे ऑर्डरी नसतात. त्यामुळे एकाच पीसीत दोन्ही कार्डं वापरून झाली.

कागदावर ३०६० च दांडगं. कोर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, ३५८४, समोर ४०६० चे ३०७२. मेमरीकडे जाणारा रस्ता, म्हणजे बस, १९२ बिटची, समोर १२८ ची. बँडविड्थ सेकंदाला ३६० जीबी, समोर २७२. पण पिढी बदलली की कोर मोजून काही कळत नाही. ४०६० चा बूस्ट क्लॉक (चिपचा वेग) २४६० मेगाहर्ट्झ, ३०६० चा १७७७. एल२ कॅश, म्हणजे चिपमधलीच झटपट मेमरी, ३ एमबीवरून थेट २४ एमबी. म्हणून १०८० पीवर गेममध्ये ४०६० पंधरा-वीस टक्के पुढे राहतं. हे भाच्याने दोन्ही कार्डांवर खेळून सांगितलं, मी गेम खेळत नाही.

मला भावला तो वॉटचा आकडा. ३०६० खातं १७० वॉट, ४०६० खातं ११५. रोज आठ तास पूर्ण लोड धरला तर महिन्याला तेराएक युनिट वाचतात, म्हणजे बिलात शंभराच्या आसपास. पण खरा फायदा इन्व्हर्टरवर. जूनमध्ये वारा सुटला, माड हलले की लाइट गेलीच. ३०६० एक्स्पोर्ट करत असताना घरातले पंखे चालू असले तर इन्व्हर्टर ओव्हरलोडचा बझर मारायचा आणि आई आतून ओरडायची. ४०६० वर तो बझर एकदाही वाजला नाही. (इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर चांगल्या प्रतीचे एसएमपीएस, म्हणजे पीसीचे पॉवर सप्लाय, लाइट जाताच बंद पडू शकतात.) शिवाय एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचं एन्कोड, म्हणजे तशी फाइल बनवणं, ४०६० ला आहे; ३०६० ला फक्त डिकोड, म्हणजे ती उघडून चालवणं.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि शीर्षक दिलं होतं '४०६० च घ्या'. मग स्कुबाच्या जुन्या फायली उघडल्या.

पाण्यात दोन-चार मीटर खाली गेलं की लाल रंग झपाट्याने कमी होतो, सगळं हिरवं-निळं. गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा माणसासारखा हवा असतो, म्हणून लाल चॅनल ओढून वर आणावा लागतो, आणि त्याच्याबरोबर नॉइज वर येतो. मग डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावायचं, म्हणजे मागच्या-पुढच्या फ्रेमशी ताडून दाणे पुसायचे. ४ के टाइमलाइन, मागेपुढे चार-पाच फ्रेम, वर त्यातल्याच फ्यूजनमध्ये केलेला एखादा टायटल. ४०६० ने हात वर केले: जीपीयू मेमरी फुल. ८ जीबी तिथेच संपतात. माझा मदरबोर्ड जुना, पीसीआयई ३ चा; कार्ड आणि पीसीमधला हा रस्ता. त्यावर ४०६० ला लेन आठच, ३०६० ला सोळा. त्यामुळे मेमरी भरून माल रॅमकडे वळला की रस्ताही अरुंद. तीच टाइमलाइन ३०६० वर पूर्वी सावकाश, पण न अडखळता निघालेली. म्हणजे वेगवान कार्ड अडलं आणि जुनं पोचलं. लग्नाच्या कामात मात्र हा त्रास नाही, तिथे मी आजही ४०६० म्हणेन. ज्यांचे कॅमेरे ४:२:२ दहा बिट (जास्त रंगमाहितीचं) फुटेज देतात, त्यांनी या दोघांकडून डिकोडची आशा ठेवू नये. ते ५० च्या मालिकेत आलं, किंवा एच.२६५ फुटेज असेल तर इंटेल प्रोसेसरच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे.

आता परत पट्टी. माझ्या ३०६० ची पट्टी पांढऱ्या मुलाम्याची, पहिल्याच पावसात कडेने तांबूस झाली. चुलतभावाच्या कार्डाची पट्टी काळ्या रंगाची. अख्खा पावसाळा माझ्या खोलीत, त्याच खिडकीजवळ काढला, एक डाग नाही. गंजाचं कारण साधं आहे. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वर दमट हवेत स्वतःच पाणी धरतं, आणि समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड त्याहून बऱ्याच कमी दमटपणात. म्हणजे पावसाळा संपला तरी सुटका नाही. कार्ड चालू असेपर्यंत गरम, कोरडं. बंद केलं की रात्रभर ओलसर. एवढे रिव्ह्यू पाहिले, तापमान, आवाज, आरजीबी सगळं मोजतात, पट्टीवर मुलामा कसला ते कुणी सांगत नाही.

स्क्रूंचंही तेच. बंदरावर ट्रॉलरवाल्यांकडे ३१६ स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मिळतात, खाऱ्या हवेला उत्तम, पण कॅबिनेटचा आटा ६-३२ या इंची मापाचा, तो तिथे कुणाकडे नाही. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवले. स्क्रू स्वस्त, कुरिअर महाग.

पंखा बाजारातल्या टीव्ही मेकॅनिकने बदलला, हजाराच्या आत. त्याने पंखा उघडून दाखवला: पात्यांवर बारीक मीठ, आतलं ग्रीस चिकट झालेलं. सर्व्हिस सेंटरची चिठ्ठी वाचून म्हणाला, "पत्रो गंजलो तां दिसताच हा. पंखो कित्याक फिरणा नाय, तां लिवक नाय होया?" आता कॅबिनेट लाकडी कपाटात, रात्री आत शून्याचा बल्ब. कॅमेऱ्यांना बुरशी लागू नये म्हणून हे आम्ही पूर्वीपासून करतो. या पावसाळ्यात गंज पुढे सरकलेला नाही.

४०६० परत केलं. पुढचं घ्यायचं तर ५०६० टीआय, १६ जीबीवालं. १८० वॉट, म्हणजे इन्व्हर्टरचा बझर परत सुरू, पण स्कुबाला मेमरी हवीच. दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठच्या पट्टीचा फोटो मागितला. त्याने खोक्याचा पाठवला. परत मागितला, तर म्हणाला, सील फोडून दाखवायचं असेल तर आधी पैसे भरा.