मागचं चाक सरळ करायचं: खुणा की दोरी?

दांडिया बाजारातल्या भाच्याने विचारलं, ‘मामा, बाईकची चेन ताणली, आता चाक सरळ आहे हे कशावरून ठरवू?’

स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावरच्या) खुणा बघायला खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. अॅक्सल नट (चाकाच्या आसाचा नट) सैल करा, दोन्ही अॅडजस्टर (चाक मागेपुढे करणारे स्क्रू) सारखेच फिरवा, खुणा जुळवा. पण त्या खुणा कारखान्यातूनच थोड्या मागेपुढे असू शकतात, आणि जुन्या गाडीत चिखलाखाली दिसतही नाहीत. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंना आस तिसऱ्या रेघेवरच होता, तरी स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चक्राचे) दात एकाच बाजूने घासून चकचकीत झाले होते, म्हणजे चाक तिरकंच होतं.

दोरीला दहा-वीस रुपये आणि अर्धा तास. गाडी सेंटर स्टँडवर, हँडल सरळ. मागच्या टायरला दोरीचा मागून वेढा घालून दोन्ही टोकं पुढच्या चाकापर्यंत ओढायची, मागच्याच टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकेपर्यंत. पुढचा टायर अरुंद असतो, म्हणून तिथे फट राहते; ती दोन्हीकडे सारखी हवी. स्टँडचा पाय मध्ये येतो, तेव्हा दोरी जमेल तितकी वर धरा. आणि नट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना चाक सरकतं.

रोज ऑफिसला जाणाऱ्याने दर वेळी खुणाच बघाव्यात. गाडी पडली असेल, जुनी घेतली असेल किंवा एका बाजूला ओढत असेल, तर दोरीच.