टिचबटणावरचे पिल्लू : कांगारूच्या एका कापडी संचाचे परीक्षण

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडच्या एका आतल्या गल्लीत शैक्षणिक साहित्याचे छोटेसे दुकान आहे. कांगारूच्या पिल्लाचा जन्म आणि त्याची वाढ दाखवणारा एक कापडी संच मी गेल्या महिन्यात तिथून १,८५० रुपयांना घेतला आणि सातवीच्या दोन्ही तुकड्यांवर तो तीन-तीन तासिका वापरून पाहिला. घरच्या मुलांसाठी किंवा शाळेसाठी तो घ्यावा की नाही, असे बऱ्याच पालकांनी विचारले, म्हणून माझा अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे.

संचात हातभर उंचीची एक मादी आहे, वाढीच्या पाच टप्प्यांवरची पाच पिल्ले आहेत, जवळजवळ चार मीटर लांबीची एक रंगीत फीत आहे, चित्रांची बारा कार्डे आहेत आणि चोवीस पानांची मराठी पुस्तिका आहे. शिवण पक्की आहे, कापड सुती असून धुता येते. मादीच्या पोटावरच्या पिशवीचे तोंड वरच्या बाजूला उघडते, आणि ते तसेच असायला हवे. या पिशवीला जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत शिशुधानी म्हणतात. पुस्तिकेत हा शब्द एकदा समजावून सांगितला आहे आणि पुढे सर्वत्र साधा 'पिशवी' हा शब्द वापरला आहे, ही गोष्ट मला फार आवडली. मुलांच्या तोंडी जो शब्द बसतो त्याच शब्दाने विषय पुढे नेला, तर मुले मजकुराला बिचकत नाहीत.

या संचातली सर्वांत मोलाची वस्तू सर्वांत लहान आहे. पिशवीत हात घातला की आत कापडाचे चार सड लागतात आणि त्यांतल्या एकाच्या टोकाला टिचबटण बसवलेले आहे. बटणाचा दुसरा भाग पहिल्या पिल्लाच्या तोंडात आहे. पिल्लू त्या सडाला लावले की 'टिच्' असा आवाज होतो आणि ते तिथे घट्ट बसते. माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांची समजूत अशी होती की कांगारूचे पिल्लू इतर प्राण्यांसारखेच पुरते वाढून जन्मते, आणि आई त्याला बाजारच्या पिशवीत वांगी ठेवावीत तसे पोटावरच्या पिशवीत घेऊन हिंडते. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने मादी उचलली, उलटी धरली आणि जोरात झटकली. पिल्लू खाली पडेल म्हणून दोघांनी ओंजळ पुढे केली, पण पिल्लू पडले नाही. त्या मुलाने पिशवीत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "बाई, हे अडकलंय." जे सांगायला माझी अर्धी तासिका गेली असती, ते त्या एका झटक्याने वर्गाच्या गळी उतरले.

प्रत्यक्षातही तसेच घडते. नवजात पिल्लाने सड तोंडात घेतला की सडाचे टोक तोंडात फुगते, आणि पुढचे दोन महिने, किंबहुना त्याहूनही अधिक काळ, पिल्लू तो सोडत नाही. या काळात ते ओढून काढले तर त्याच्या तोंडाला इजा होते. पूर्वी हे पाहणाऱ्यांची दिशाभूल झाली ती यामुळेच. १६२९ साली बटाव्हिया हे डच जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आब्रोल्योस बेटांवर फुटले, तेव्हा जहाजावरचा प्रमुख अधिकारी फ्रान्सिस्को पेल्सार्ट याने तिथे वॉलबी, म्हणजे कांगारूच्या कुळातले लहान प्राणी, पाहिले आणि त्यांची पिल्ले सडातूनच उगवत असावीत असा निष्कर्ष काढला. पुस्तिकेत ही हकीकत थोडक्यात दिली आहे. ती मी दुसऱ्या तुकडीला मुद्दाम आधी सांगितली नाही. टिचबटणावरचे पिल्लू पाहून एका मुलीने "हे इथेच उगवतं का?" असे विचारले, तेव्हा चारशे वर्षांपूर्वी एका माणसाला हाच प्रश्न पडला होता असे मी सांगितले आणि तिचा चेहरा खुलला.

रंगीत फीत ही दुसरी उत्तम वस्तू. एका दिवसाला एक सेंटिमीटर, असे तिचे माप आहे. सुरुवातीचा लाल भाग ३३ सेंटिमीटरचा, कारण तांबड्या कांगारूची मादी सुमारे ३३ दिवस गाभण असते. लाल भाग संपतो तिथे एक गाठ आहे, तो जन्म. तिथून हिरवा भाग सुरू होतो, तो २३५ सेंटिमीटर पुढे जातो, कारण पिल्लू कायमचे पिशवीबाहेर पडते ते साधारण २३५ दिवसांचे झाल्यावर. हिरव्या भागावर दोन खुणा आहेत. एक दीडशेच्या सुमारास, जिथे पिल्लू पहिल्यांदा डोके बाहेर काढते, आणि दुसरी एकशे नव्वदच्या सुमारास, जिथे ते थोडा वेळ बाहेर येऊन परत आत शिरते. त्यापुढचा पिवळा भाग वर्षाच्या खुणेपर्यंत जातो. त्या काळात पिल्लू बाहेर चरते आणि मध्येच येऊन पिशवीत तोंड घालून दूध पिते. आम्ही ही फीत वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पसरली. चिमुकला लाल तुकडा आणि त्यापुढे पसरलेला हिरवा पट्टा पाहिल्यावर मुलांनी स्वतःच सांगितले की खरे गर्भारपण या हिरव्या भागात आहे. आपल्याकडे जे काम वार (गर्भाला आईशी जोडणारा अवयव) करते, म्हणजे पिल्लाला पोसण्याचे, ते कांगारूमध्ये बहुतांशी दूध करते, हे वाक्य त्यानंतर मला फक्त उच्चारावे लागले.

पहिल्या पिल्लाच्या मापाबद्दल मात्र संचावर विसंबून राहू नये. कापडात टिचबटण बसवायचे म्हणून ते बोटाएवढे केले आहे, तर खरे नवजात पिल्लू जेमतेम दोन ते अडीच सेंटिमीटरचे आणि एका ग्रॅमहूनही कमी वजनाचे असते. मी घरून राजमा नेला आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक दाणा ठेवला. मादी २५ किलोची धरली तरी पिल्लाचे वजन तिच्या वजनाच्या पंचवीस हजाराव्या भागाहून कमी भरते, हा हिशेब मुलांनी फळ्यावर केला. माणसाचे मूल आईच्या वजनाच्या साधारण अठराव्या भागाइतके असते, हाही केला. दोन उत्तरे शेजारी शेजारी लिहिल्यावर वर्ग काही क्षण अगदी शांत झाला.

मापाची अडचण समजून घेता येते, आकाराची चूक मात्र मला खटकली. संचातल्या पहिल्या पिल्लाला लांब मागचे पाय शिवले आहेत. ते मोठ्या कांगारूची लहान प्रतिकृती वाटते. नवजात पिल्लाचे मागचे पाय नुसते कोंब असतात. त्याच्याकडे जी काही ताकद असते ती पुढच्या दोन पायांत आणि त्यांच्या नखांत असते. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, अशा अवस्थेत ते आईच्या केसांना धरून, पोहणाऱ्याने हातावर हात टाकावा तसे, सुमारे तीन ते पाच मिनिटांत पिशवीपर्यंत चढते. मागचे पाय तयार नसताना पुढचे पाय तयार असणे, हेच या जन्माचे मर्म आहे, आणि नेमके तेच शिवणकामात हरवले आहे.

त्याहून मोठी चूक पुस्तिकेच्या सातव्या पानावर आहे. आई पिल्लाला ओठांनी उचलून पिशवीत ठेवते, असे तिथे छापले आहे. ही जुनी समजूत आहे आणि ती चुकीची आहे. विण्यापूर्वी मादी पिशवीत तोंड घालून ती आतून चाटून स्वच्छ करते, शेपटी दोन पायांमधून पुढे घेऊन टेकून बसते, जन्माच्या वेळी अंग चाटते, पण पिल्लाला उचलत नाही. मी हे सांगितल्यावर येऊरच्या पाड्यावरून येणारी एक मुलगी अस्वस्थ झाली. तिच्या घरी शेळ्या आहेत. व्यायल्यावर शेळी करडाला चाटते, करडू धडपडत उभे राहते आणि सरळ कासेला लागते, हे तिने कितीदा पाहिले आहे. "बाई, एवढंसं पिल्लू, आणि आई साधं उचलतही नाही?" या प्रश्नाला उत्तर देताना मला आपल्या परंपरेतले दोन न्याय आठवले. मांजर पिल्लाला मानेशी धरून नेते, तो मार्जारन्याय. माकडाचे पिल्लू स्वतःच आईला बिलगते, तो मर्कटन्याय. भक्ताने देवाला कसे धरावे हे सांगण्यासाठी हे दृष्टान्त वापरले जात, परंतु जीवशास्त्राच्या तासालाही ते उपयोगी पडले. कांगारूचा जन्म हा मर्कटन्यायाचा परमावधी आहे, आणि तोही डोळे उघडलेले नसताना, बहुधा केवळ वासाच्या आधाराने.

दुधाविषयी पुस्तिकेने अर्धेच वाक्य लिहिले आहे, याची मला खरी हळहळ वाटते. मोठे पिल्लू पिशवीबाहेर पडल्यावर आत नवे पिल्लू येते, तरी मोठे परत येऊन आपल्याच लांबलेल्या सडाला लागते. त्या सडातून येणारे दूध स्निग्ध असते, आणि शेजारच्याच दुसऱ्या सडातून नवजात पिल्लासाठी पातळ, साखरेचा अंश अधिक असलेले दूध येत असते. एकाच आईच्या अंगावर, एकाच वेळी, दोन वयांची दोन दुधे. संचात चार सड आहेत, त्यांतला एक लांब करून निराळ्या रंगाचा केला असता तर हे सहज दाखवता आले असते. मी एका सडाला पिवळा दोरा गुंडाळून काम भागवले.

थांबून राहिलेल्या गर्भाची कल्पना मात्र संचाने सुरेख हाताळली आहे. मादीच्या पाठीच्या शिवणीत एक लहानसा चोरकप्पा आहे आणि त्यात एक काचेचा मणी आहे. तांबड्या कांगारूची मादी व्यायल्यानंतर एक-दोन दिवसांतच पुन्हा माजावर येते. नवा गर्भ राहतो, पण साधारण शंभरएक पेशींचा झाला की त्याची वाढ थबकते. पिशवीतले पिल्लू सडाला लागलेले आहे तोवर तो तसाच थांबतो. पिल्लू सुमारे दोनशे दिवसांचे होऊन दूध पिणे कमी करू लागले की गर्भ पुन्हा वाढू लागतो, आणि मोठे पिल्लू कायमचे बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांतच नवे जन्मते. पिशवीतले पिल्लू दगावले, तर महिन्याभरात त्याची जागा घेणारे पिल्लू येते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात पाऊस कधी पडेल याचा नेम नसतो, तिथे ही तजवीज जीव तगवणारी ठरते. फार लांबलेल्या दुष्काळात मात्र मादीचे माजावर येणेच थांबते. एक पिल्लू पायाशी, एक पिशवीत, एक पोटात थांबलेले, अशी तिन्ही अपत्ये मांडून मुलांनी मादी टेबलावर उभी केली, तेव्हा शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांनीही आत येऊन पाहिले.

फीत तांबड्या कांगारूची असताना पुस्तिकेतल्या मजकुरात पिल्लू अकरा महिने पिशवीत राहते असे लिहिले आहे. तो आकडा पूर्वेकडच्या करड्या कांगारूचा आहे. दोन्ही जाती नावानिशी वेगळ्या सांगितल्या असत्या तर गोंधळ टळला असता. एका कार्डावर नरालाही पिशवी काढली आहे, ते कार्ड मी बाजूला काढून ठेवले. पिशवीच्या तोंडाचे इलॅस्टिक आठवड्याभरात सैल झाले. खरी मादी पिशवीचे तोंड स्नायूंनी आवळून घेऊ शकते, तेव्हा इलॅस्टिक नुसते शोभेचे नाही. दुकानात दाखवले तेव्हा त्यांनी कुरकुर न करता दुसऱ्या दिवशी नवे घालून दिले.

शेवटच्या पानावर कमी दिवसांच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या पद्धतीची माहिती आहे आणि ती बिनचूक आहे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी, काचपेट्या अपुऱ्या पडत असताना, ही पद्धत सुरू केली आणि तिला कांगारूचे नाव मिळाले. पालकसभेला आलेल्या एका आईने टेबलावरची मादी हातात घेतली, पिशवीत बोट घालून ते पिल्लू चाचपले आणि सांगितले की धाकटी सातव्या महिन्यात झाली, तेव्हा अठरा दिवस तिने तिला असेच छातीशी बांधून ठेवले होते. ती बराच वेळ मादी हातात धरून उभी होती.

पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी, आणि शेजारी बसून समजावून सांगणारे कोणी मोठे असेल तर, हा संच जरूर घ्यावा. घेतल्यावर सातव्या पानावरची ओळ खोडून दुरुस्त करावी. मी पहिल्या पिल्लाचे मागचे पाय कात्रीने कापले, कापूस काढून टाकला आणि तिथे दोन बारीक गाठी मारल्या. ते दुरुस्त पिल्लू दुकानातल्या बाईंना दाखवले, तेव्हा त्यांनी त्याचे मोजमाप लिहून घेतले आणि पुढच्या खेपेला शिवणाऱ्यांकडून तसेच करून घेऊ, असे सांगितले.